मारुतीचा मक्ता

शिदबा, काल तुझी शोकसभा झाली. तू नव्हतास ते एका परीनं बरंच झालं. असतास तर मधेच मला कोपर मारून म्हणाला असतास, "चल रं दस्तगीर, हितं डोस्कं उठलं," आणि आपण दोघं रंकाळ्यावर जाऊन बसलो असतो.

सभा शाळेच्या पडवीत होती. अध्यक्ष म्हणून एक पगडीवाले गृहस्थ आणले होते, कुठनं आणले कुणास ठाऊक. जन्मात त्यांनी तालमीची पायरी चढली नसेल. उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "शिदबांनी आपला मारुती घराघरांत पोहोचवला." मग खिशात हात घालून साबणाच्या वडीबरोबर मिळतं ते पत्त्याएवढं रंगीत चित्र काढलं आणि वर धरून सगळ्यांना दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू मेलास म्हणून भरलेल्या सभेत त्या चित्राला टाळ्या! माझ्या हातात फुलांचा हार होता म्हणून अध्यक्ष वाचले, दुसरं काही असतं तर फेकूनच मारलं असतं. मी दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, मला चार शब्द बोल म्हणून कोण म्हणणार? म्हणून हे लिहितोय. पगडीवाल्यांनी सांगितलं नाही ते मी सांगतो, आणि तुझ्या तोंडावर सांगतो, कारण निम्मा राग तुझ्यावरच आहे.

तुझा मारुती साबणाच्या वडीतला नव्हता. तो आपल्या तालमीच्या भिंतीवरचा होता. गुडघा गेला म्हणून तुझी कुस्ती सुटली, पण तालीम काही सुटली नाही. दर साली चैत्र लागला की पोरं भिंतीला चुना मारायची, जुना मारुती पांढऱ्याखाली जायचा आणि तू नवा काढायला बसायचास. ही आपल्या तालमीची रीत. ह्या सालच्या पोरांना ह्या सालचा मारुती पाहिजे, असं वस्ताद म्हणायचे. मोहरमला त्याच भिंतीखाली पंजे बसायचे, त्यांची सजावट माझ्याकडं. मारुती तुझ्याकडं. दोन्ही हातांनी छाती उघडून उभा असलेला, आत राम आणि सीता. डोळे सगळ्यांत शेवटी, हनुमान जयंतीच्या सकाळी, ऊन भिंतीवर यायच्या वेळी. तू डोळे भरायला लागलास की हलगी थांबायची आणि लंगोट लावलेली पोरं श्वास धरून उभी राहायची. दुसरं बुबुळ झालं की तू मागं सरायचास आणि वस्ताद पहिला जोर मारायचे. त्याच्या आधी वर्षाची पहिली कुस्ती कुणी खेळायचं नाही.

मग तो गुळगुळ्या आला. नाव त्याचं काहीतरी लांबलचक होतं, तालमीतल्या पोरांनी तोंडावरनं हे ठेवलं आणि तेच शोभलं. मुंबईच्या एका साबणवाल्याचा एजंट. खासबागेच्या मैदानाचं काम चालू होतं ते दिवस. महाराजांच्या पैलवानांचं नाव देशभर झालेलं, त्यामुळं सोम्यागोम्या उठून कोल्हापूर बघायला यायचा. हा जयंतीच्या दिवशी पायातल्या बुटांसकट आत शिरला आणि पोरं अंगावर धावल्यावर एका पायावर नाचत त्यानं ते काढले. मग भिंतीकडं बघत राहिला. तेवढं त्याच्या बाजूनं सांगतो, बघत राहिला खरा. पण देव बघून माणूस हात जोडतो, ह्यानं हात चोळले.

त्याचा बेत असा होता. साबणाच्या प्रत्येक वडीच्या वेष्टणात जाड कागदाचं एक रंगीत चित्र घालायचं, खेळायच्या पत्त्याएवढं. रामायणातलं एकेक पात्र. कुठल्या वडीत कोण निघेल ते उघडल्याशिवाय कळायचं नाही. पोरं सगळी पात्रं जमवायला आईबापांच्या मागं लागणार आणि आईबाप अंग घासत सुटणार. चित्रं तू काढायचीस.

मग त्यानं कोण काढायचं आणि कोण नाही ते सांगितलं. रामाच्या चित्राचा मक्ता एका मोठ्या छापखान्याकडं, म्हणून राम काढायचा नाही. सीता त्याच मक्त्यात. लक्ष्मण एका काडेपेटीवाल्यानं घेतलेला. रावणावर दोघांचा दावा आणि खटला कोर्टात, निकाल लागेपर्यंत रावणाच्या एकाही तोंडाला हात लावायचा नाही. साबणवाल्याच्या वाट्याला आले होते मारुती, सुग्रीव, जांबुवंत, जटायू, कुंभकर्ण आणि शूर्पणखा.

"दारूचा मक्ता ऐकलाय, जकातीचा ऐकलाय," मी म्हणालो. "रामाचा मक्ता कुणी दिला? दशरथानं लिलाव केला व्हय?"

गुळगुळ्या दात न दाखवता हसला. "देवाचा नाही हो, चित्राचा."

"मग सुग्रीवानं दोस्ती कुणासंगं करायची? जटायूनं मरायचं कुणासाठी?"

"ते गिऱ्हाइकाला ठाऊक असतं."

ऊस चोखून चिपाडं आमच्या हातात दिली होती आणि वर म्हणत होता, गोड मानून घ्या. मला वाटलं, तू आता त्याला बखोटीला धरून बाहेर काढशील. तर तू विचारलंस, "मारुती काढू देनार न्हवं?"

"मारुती तर पहिला!"

आणि तुझं तोंड असं उजळलं की मला तुझी लाज वाटली. हो, वाटली. फड जिंकून आल्यावर दिसायचास तसा दिसलास, पार गुडघा जायच्या आधीचा. "दस्तगीर," म्हणालास, "कलकत्त्याच्या पोराच्या हातात माझा मारुती जाईल रं. पेशावरच्या जाईल."

"जाईल की," मी म्हणालो. "मोरीतनं जाईल."

त्यावर तू माझ्याशी बोलणंच टाकलंस. पारूवहिनींनी मधे पडून दोघांना एका ताटात जेवायला बसवलं तेव्हा कुठं तुझी मान वळली.

कागद झाला. कंपनीसाठी काढलेलं चित्र दुसऱ्या कुणाला छापायला द्यायचं नाही, असा करार. तू सही ठोकलीस. पण कागदाचं तुला कधीच काही वाटलं नाही. तुला वाटलं, हा परमुलखातला पावणा, ह्याला आपल्या शब्दाची खात्री कशी पटायची? म्हणून उठलास, लंगडत कुस्तीच्या हौद्यात उतरलास, तांबडी माती मुठीत घेतलीस आणि म्हणालास, "ह्यो मारुती आता तुमचा. ह्या हातानं ह्यो पुन्यांदा कुटंच निघायचा न्हाय."

वस्ताद पान चघळायचे थांबले. आपल्याकडं जोड ठरते ती मातीवर. हौद्यातली माती मुठीत घेऊन बोललेला शब्द आजवर कुणी परत घेतलेला नाही, अंगात ताप असताना पैलवान त्या शब्दापायी उतरलेत आणि चीतपट होऊन घरी गेलेत. आणि गुळगुळ्याला त्याचं काय? तुझ्या मुठीतनं चार कण त्याच्या पाटलोणीवर उडाले, ते त्यानं रुमालानं झटकले. "राहू द्या हो," म्हणाला, "सही झालीय की." गाढवापुढं गीता म्हणतात ती हीच. त्याला जे नको होतं ते तू त्याला दिलंस, आणि सगळं दिलंस.

चित्र काढायला बसलास तेव्हा छातीचा प्रश्न आलाच. आतली रामसीता दुसऱ्याच्या मक्त्यातली. गुळगुळ्या म्हणाला, छाती मिटून काढा. तू म्हणालास, छाती मिटली की उरलं काय, माकड. हट्टानं छाती उघडीच काढलीस आणि आतली जागा कोरी सोडलीस. नुसती पांढरी. मला घरी बोलावून दाखवलंस. "बघ. ज्येला दिसायचा त्येला दिसंल."

मी बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. आमच्यात देवाचं चित्र काढत नाहीत, तुला माहीतच होतं. इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसून मी तुझा देव बघितला. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, तू माझ्या देवाच्या शेजारी येऊन बसलायस. हे तुझ्या हयातीत बोललो नाही. बोललो असतो तर म्हणाला असतास, "लई शाना झालास." तेवढं ऐकायला तरी बोलायला पाहिजे होतं.

चित्रं छापून आली. त्या कोऱ्या जागेत साबणाची वडी होती. गुलाबी. तिच्यावर कंपनीचं नाव. मारुती छाती फाडून जगाला साबण दाखवत होता! शेपूट कागदात मावली नाही म्हणून निम्म्यावर तोडलेली. तुझं नाव कुठंच नाही, ते असतं तर आणखी वाईट झालं असतं.

पारूवहिनी तुझ्या खांद्यावरनं वाकून बघत होत्या. "अगं बया! ह्येच्या काळजात साबन?" म्हणून त्या खळखळून हसल्या, आणि मग तुझं तोंड बघून पदर तोंडात धरला. त्या दिवसापासून तुझ्या घरात साबण आला नाही. कपडे रिठ्यानं, अंग डाळीच्या पिठानं.

पुढच्या फेरीला गुळगुळ्या आला तेव्हा मी त्याला भर बाजारात अडवलं. म्हटलं, हे काय केलंत? तर म्हणतो कसा, "जागा मोकळीच होती ना! मोकळी जागा वाया घालवणं आमच्या धंद्यात पाप आहे." पाप म्हणे! एवढं एकच पाप त्याला ठाऊक होतं. त्या माणसाला स्वर्गात नेऊन सोडला तरी तो तिथल्या भिंतींची मापं घेईल.

चैत्र आला. रीतीप्रमाणं पोरांनी चुना मारला. रंग खलून ठेवले. तू आलास, भिंतीसमोर बसलास आणि कुंचल्याला हात लावला नाहीस. "शब्द दिलाय," म्हणालास.

मी धावत वकिलाकडं गेलो. त्यानं कागद वाचला आणि माझ्याकडं येड्याकडं बघतात तसं बघितलं. "हे छापण्यापुरतं आहे. भिंत रंगवा, छप्पर रंगवा, कोण विचारतंय?" मी तसाच धावत परत आलो, धाप लागलेली, आणि तुला सांगितलं. वाटलं, आता उठशील.

"कागदात नसंल," तू म्हणालास. "मातीत हाय."

"अरे, त्यांनी तुझ्या मारुतीच्या छातीत साबण घातला! त्यांचा शब्द कुठं राहिला?"

"त्येंनी माती कुटं उचललीती? म्या उचललीती."

वस्तादांना गळ घातली, तुम्ही सोडवा ह्याला. ते म्हणाले, "माती म्या दिली न्हाय. मग म्या कशी परत घिऊ?" दोघंही एका माळेचे मणी! तिकडं तो मुंबईचा साबणवाला, ज्याला तुझी माती म्हणजे धुऊन काढायची घाण, आणि त्याच्यासाठी तू आपला हात बांधून बसलास. त्याला पत्तासुद्धा नव्हता, शिदबा. कोल्हापुरात एक माणूस आपला शब्द पाळतोय म्हणून तालमीची भिंत उघडी पडलीय, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, कुठला माणूस? हे मी तुला तेव्हा सांगितलं, आजही सांगतो. नाकापेक्षा मोती जड झाला होता. तू म्हणायचास, "मोती न्हाय रं, नाकच हाय त्ये." हे भांडण आपलं मिटलं नाही ते नाहीच.

त्यानंतर दर साली पोरं चुना मारायची आणि पांढऱ्या भिंतीलाच हात जोडून हौद्यात उतरायची. नव्या पोरांना वाटायचं, रीतच अशी असेल. वस्ताद मला एकदा म्हणाले, तू काढ. मी म्हटलं, शिदबा जिवंत असताना त्याच्या भिंतीवर मी हात टाकणार नाही. तू लग्नघरांवर हत्ती-मोर काढायचास, नाटकवाल्यांचे पडदे रंगवायचास, शिमग्याची सोंगं रंगवायचास. हसायचासही. पण जयंतीच्या सकाळी सगळ्यांच्या मागं उभा राहायचास आणि ऊन भिंतीवर आलं की तुझ्या उजव्या हाताची बोटं धोतरावर हलायची. तू बुबुळं भरत होतास. मी बघायचो आणि मान फिरवायचो. तिकडं गल्लीत पोरं ओरडत असायची, "ए, माझ्याकडं साबण्या मारुती दोन हायत, जांबुवंत दे की!"

गेल्या पंधरवड्यात तू अंथरुणावर होतास तेव्हा मी पुन्हा तेच उकरून काढलं. म्हटलं, जयंती तोंडावर आली, अजून वेळ आहे, उचल कुंचला, माती काय तुला खाणार नाही.

"मातीच हुनार हाय आता," म्हणालास आणि हसलास, मग खोकलास. खोकला थांबल्यावर म्हणालास, "त्या चित्रातलं डोळं माझंच हायत, दस्तगीर. त्ये न्हाईत बदललं त्येंनी."

मी म्हटलं, गप पड. आपलं शेवटचं बोलणं ते.

तुला पंचगंगेवर पोचवून आलो, त्याच्या तिसऱ्या दिवशी गुळगुळ्या तालमीत हजर. एका हातात हार, दुसऱ्या हातात साबणाची पेटी. दुखवट्याला साबण! म्हणाला, कंपनीला फार वाईट वाटलंय, शिदबांच्या आठवणीखातर कंपनी एक खास परवानगी द्यायला तयार आहे. तालमीच्या भिंतीवर तोच मारुती काढून घ्या. खाली कंपनीचं नाव घाला, छातीत वडी ठेवा, रंगाचा खर्चसुद्धा कंपनीचा. भिंत आमची, देव आमचा, माणूस आमचा गेलेला, आणि परवानगी ह्याची.

वस्तादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पावणं, बुटं काढलीत न्हवं?"

"हो हो, बाहेर काढलेत."

"मग घाला, आनि चालू लागा."

पेटी पोरांनी त्याच्या मागोमाग टांग्यात नेऊन टाकली. आज सकाळी वस्ताद माझ्या दुकानावर आले. बसले नाहीत. म्हणाले, "त्येच्या हाताचा शब्द त्येच्या हातासंगं गेला. तुझ्या हातानं माती उचलल्याली न्हाय. भिंतीला चुना मारून झालाय. तू काढ." ह्या खेपेला मला नाही म्हणता आलं नाही.

कोळसा घेऊन पाटीवर बसलो आणि शिदबा, मला तुझा मारुती आठवेना. शेपटीचा बाक आठवला, गदा आठवली, शेंदराचा रंग कसा खलायचास ते आठवलं. तोंड आठवेना. काढलं ते कुठल्यातरी नाटकातल्या राक्षसाचं निघालं. तालमीत गेलो, भिंतीचा एक कोपरा नखानं खरवडून बघितला, म्हटलं, खालचा एखादा सापडेल. चुन्याबरोबर रंगाची भुकटी होऊन हातात आली. पारूवहिनींना विचारलं, घरात एखादा कागद? त्या म्हणाल्या, "तुमाला ठावं न्हाय व्हय भावजी? त्येनी मारुती कागदावर कधी काडलाच न्हाई, त्यो एक सोडून." तो एक कंपनीकडं गेलेला, आणि छापून आलेला त्यांनी आल्या दिवशीच चुलीत घातला होता.

गल्लीतल्या पोरांपुढं हात पसरायची लाज वाटली, म्हणून मी बाजारात गेलो आणि त्याच साबणाची वडी विकत घेतली. दुकानातच वेष्टण फाडलं. सुग्रीव निघाला. दुसरी घेतली, कुंभकर्ण. तिसरीत पुन्हा सुग्रीव. दुकानदार म्हणाला, "काय दस्तगीरभाई, घरात लगीन निघालं काय?" मी घेत राहिलो. शूर्पणखा, जटायू, पुन्हा कुंभकर्ण. मारुती निघाला तेव्हा काखेत साबणाचा ढीग झाला होता आणि दुकानदार खुशीत होता.

घरी येऊन ते चित्र पुढ्यात ठेवलं. वडीवर अंगठा धरला, तोडलेल्या शेपटीवर दुसरा हात ठेवला. डोळे तुझेच आहेत. तू खोटं बोलला नव्हतास. मी त्या डोळ्यांकडं बघून पोरासारखा रडलो, बायको आतनं बाहेर आली इतका मोठ्यानं रडलो.

उद्या भिंतीला हात लावणार आहे. शेपूट पुरी काढीन, पार कोपऱ्यापर्यंत. छातीत राम आणि सीता असतील, आणि मक्तेदाराला हरकत असेल तर त्यानं हौद्यात उतरून घ्यावी, पोरं तयार आहेत. डोळे जयंतीच्या सकाळी तुझ्या त्या चित्रावरनं उतरवून घेईन, जमतील तेवढे. पण कुंचला उचलायच्या आधी हे तुला कळलं पाहिजे, शिदबा. तू त्या लोकांना दिलेला शब्द मरेस्तोवर पाळलास, आणि तुझा मारुती तुझ्याच तालमीत परत आणायला मला त्यांचा साबण विकत घ्यावा लागला.